गोरेपणाच्या नादात किडनी गमावू नका



लग्नसराई आली की जुन्या शहरातल्या पार्लरमध्ये 'पीलिंग'ची चौकशी वाढते. पीलिंग म्हणजे आम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढणे. वांग आणि मुरुमांचे डाग त्याने फिके होतात. मूळ रंग मात्र बदलत नाही. सावळ्या त्वचेवर आम्ल तीव्र झाले तर उलट नवे काळे डाग पडतात. म्हणून पीलिंग त्वचारोगतज्ज्ञाकडूनच करावे. आधी सर्वोपचार रुग्णालयात त्वचा दाखवून सल्ला घ्या.

करण्याआधी : आठवडाभर स्क्रब, ब्लीच, वॅक्सिंग बंद ठेवा. गरोदर असाल, बाळाला पाजत असाल, ओठांवर वारंवार फोड येत असतील, जखमेचा व्रण फुगत असेल किंवा मुरुमांच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगा.

केल्यानंतर : निघणारी साल ओढू नका. चेहरा साध्या पाण्याने धुवा, डॉक्टरांनी दिलेले मॉइश्चरायझर लावा. लिंबू, बेसन, हळद काही दिवस नको. अकोल्याचे ऊन साधे नाही. एसपीएफ 30 चे सनस्क्रीन आणि स्कार्फ हवाच. फोड, पू किंवा वाढती जळजळ दिसली तर लगेच दवाखाना गाठा.

याहून मोठा धोका बिनलेबलच्या 'गोऱ्या' क्रीमचा. 2023 च्या सुरुवातीला आपल्याच अकोल्यातली बातमी आली होती. बायोटेक्नॉलॉजी शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या किडनीला इजा झाली. ब्युटिशियनकडून घेतलेल्या क्रीममध्ये पारा असल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत निघाले. पारा त्वचेतले रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण तोच पारा रक्तात उतरून किडनीची चाळणी बिघडवतो. कायद्याने चेहऱ्याच्या क्रीममध्ये दहा लाख भागांत एक भागापेक्षा जास्त पारा चालत नाही.

डबीवर उत्पादकाचा पत्ता, बॅच नंबर, घटक नसतील तर घेऊ नका. क्रीम वापरताना लघवीला फेस आला, चेहरा-पाय सुजले तर क्रीम थांबवा, लघवी तपासा आणि डबी डॉक्टरांना दाखवा.

1942 च्या नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्याला स्वच्छ राहायला, मुलांना शिकवायला सांगितले. गोरे व्हायला सांगितले नव्हते. मुलगी पाहताना रंग विचारणाऱ्या पाहुण्यांना हे विहारातूनच सांगू या.