पांच जर्मन नटी

नटीचें चरित्र म्हटलें कीं, तिच्या भूमिका, तिचें रूप आणि तिची लोकप्रियता एवढ्याच गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु एखादी पिढी अशी असते कीं, तींतील नटींचीं चरित्रें वाचूं लागलें म्हणजे आपण त्यांच्या देशाचा इतिहासच वाचीत आहों असें वाटूं लागतें. १८९८ पासून १९०८ पर्यंतच्या दहा वर्षांत जन्मलेल्या जर्मन नटींची पिढी अशांपैकीं होय. तींतील पांच जणींची हकीकत मी आज सांगणार आहें.

१९१८ सालीं पहिलें महायुद्ध हरल्यावर जर्मनी दरिद्री झाला. १९२३ मध्यें तर त्याच्या नोटांना कागदाइतकीहि किंमत उरली नाहीं. आश्चर्य हें कीं, त्याच हलाखीच्या काळांत तेथील रंगभूमीला आणि मूकपटांना बहर आला. १९१७ सालीं स्थापन झालेली 'उफा' ही कंपनी युरोपांतील अग्रगण्य चित्रपटसंस्था बनली. तिचें नांव आपल्याला अगदींच परकें नाहीं. देविका राणी यांनीं तेथेंच चित्रपटकलेचे धडे गिरविले. आणि १९३४ सालीं त्यांनीं व हिमांशु रॉय यांनीं मालाड येथें 'बॉम्बे टॉकीज' उभारली, तेव्हां दिग्दर्शनासाठीं फ्रान्झ ओस्टेन हे जर्मन गृहस्थच आणिले.

या बहरांतच आपल्या पांचहि नटी पुढें आल्या. मार्लेने डीट्रिख ही बर्लिनच्या एका पोलीस अधिकाऱ्याची मुलगी. तिला व्हायोलिन वाजविण्यांत नांव मिळवायचें होतें. पण मनगट दुखावल्यामुळें ती नाटकाकडे वळली. लेनी रीफेन्स्टाल हीहि बर्लिनचीच, मार्लेनेपेक्षां अवघ्या आठ महिन्यांनीं लहान. ती नर्तकी होती. गुडघा दुखावल्यावर ती चित्रपटांत शिरली आणि बर्फाच्या कड्यांवर चढणाऱ्या नायिकेच्या भूमिकांनीं गाजली. ब्रिगिटे हेल्म हिनें तर पूर्वीं एकाहि चित्रपटांत काम केलें नव्हतें. विशीच्या आंतच फ्रिट्झ लांग यांनीं तिला 'मेट्रोपोलिस'मध्यें घेतलें. १९२७ च्या जानेवारींत तो मूकपट झळकला. त्यांत साध्वी मारिया आणि तिचीच प्रतिकृति असलेली यंत्रस्त्री अशा दोन्ही भूमिका तिनें केल्या. टेरेझे गीझे ही म्युनिकच्या ज्यू कुटुंबांतील. ती रूपानें सामान्य आणि अंगानें स्थूल होती, पण रंगमंचावर तिचा दरारा मोठा. पांचवी डोरा गेर्सोन, हीहि ज्यू. ती बर्लिनची नटी आणि गायिका होती. फाइट हार्लान नांवाच्या नटाशीं तिचा विवाह झाला होता, परंतु तो दोनच वर्षें टिकला.

३० जानेवारी १९३३ रोजीं हिटलर सत्तेवर आला. मार्च संपण्यापूर्वींच 'उफा'च्या चालकांनीं आपल्या ज्यू कलावंतांना निरोप देण्याचें ठरविलें. त्याच वर्षीं सरकारनें चित्रपट-व्यवसायाचें एक मंडळ स्थापिलें. त्याच्या सभासदत्वावांचून कोणालाहि कॅमेऱ्यासमोर उभें राहतां येईना, आणि ज्यूंना तें दार बंद होतें. आतांपर्यंत या पांच जणींना प्रेक्षक एकच प्रश्न विचारीत होते : "काम कसें करतां?" आतां राज्यकर्ते दुसराच प्रश्न विचारूं लागले : "तुम्ही कोणाच्या?"

टेरेझे गीझे हिला उत्तर द्यायला अवकाशच नव्हता. १ जानेवारी १९३३ रोजीं तिनें एरिका मान हिच्याबरोबर 'मिरपुडीची गिरणी' अशा अर्थाच्या नांवाचा विनोदी गाण्यांचा व प्रहसनांचा एक रंगमंच म्युनिकमध्यें काढला होता. नाझींची त्यांत टर उडविली जाई. तीन महिन्यांच्या आंतच मंडळीला देश सोडावा लागला. मग त्यांनीं झुरिकमध्यें तोच खेळ पुन्हां उभारला. पारपत्रासाठीं तिनें १९३६ सालीं एका इंग्रज लेखकाशीं नांवापुरतें लग्न केलें. १९ एप्रिल १९४१ रोजीं ब्रेख्तचें 'मदर करेज' हें नाटक झुरिकमध्यें प्रथम रंगभूमीवर आलें, तेव्हां त्यांतील मुख्य भूमिका तिची होती. युद्धानंतर ती म्युनिकला परतली आणि १९७५ सालीं तेथेंच वारली.

डोरा गेर्सोन हिचें नशीब निराळें. ज्यू कलावंतांनीं केवळ ज्यू प्रेक्षकांपुढेंच प्रयोग करावे असा निर्बंध झाल्यावर ती तशाच प्रयोगांत गात राहिली. पुढें ती हॉलंडला गेली. पण १९४० मध्यें जर्मन सैन्य तेथेंहि पोंचलें. स्वित्झर्लंडकडे निसटण्याच्या प्रयत्नांत ती पकडली गेली. आणि १४ फेब्रुवारी १९४३ रोजीं आउश्वित्झच्या छावणींत तिची, तिच्या दुसऱ्या पतीची आणि दोन चिमुकल्या मुलांची हत्या झाली. तिचा पहिला पति फाइट हार्लान हा तोंपर्यंत सरकारी मर्जींतला दिग्दर्शक झाला होता, आणि १९४० सालीं ज्यूंविरुद्ध द्वेष पसरविणारा 'ज्यू ज्यूस' हा चित्रपट त्यानेंच काढला होता. युद्धानंतर त्याच्यावर खटला झाला. तो निर्दोष सुटला आणि पुन्हां चित्रपट काढूं लागला.

उरलेल्या तिघींपुढें मात्र निवड होती. ब्रिगिटे हेल्म हिनें १९३५ सालीं एका उद्योगपतीशीं विवाह करून चित्रपट सोडले, आणि पुढें ती स्वित्झर्लंडला जाऊन राहिली. १९९६ सालीं तेथेंच तिचा अंत झाला. भेटीस येणाऱ्या पत्रकारांशीं आपल्या चित्रपटांविषयीं बोलण्यास ती नेहमीं नकार देई.

लेनी रीफेन्स्टाल हिनें होकार दिला. न्यूरेंबर्ग येथील १९३४ च्या नाझी मेळाव्यावर तिनें काढलेला चित्रपट पुढच्या वर्षीं प्रदर्शित झाला. त्याचें तंत्र असामान्य होतें, म्हणूनच तो अधिक घातक ठरला. पुढें 'टीफ्लांट' या चित्रपटासाठीं तिनें छावण्यांत कोंडलेले जिप्सी स्त्रीपुरुष आणि मुलें आणविलीं. त्यांतील पुष्कळ जण नंतर आउश्वित्झला पाठविले गेले. "युद्धानंतर ते सर्व मला भेटले," असें ती सांगे. २००२ सालीं तें विधान तिला मागें घ्यावें लागलें. पुढच्याच वर्षीं, वयाच्या एकशेएकाव्या वर्षीं, ती वारली.

मार्लेने डीट्रिख १९३० सालींच हॉलिवूडच्या करारावर अमेरिकेस गेली होती. तिला कोणी घालवून दिलें नव्हतें. पुढें नाझी सरकारनें आमिषें दाखवून तिला परत बोलाविलें. ती ज्यू नव्हती. होकार देतांच मानसन्मान पायाशीं आला असता. तिनें नकार दिला, १९३९ सालीं अमेरिकेचें नागरिकत्व घेतलें, आणि १९४४-४५ मध्यें आघाडीवरील अमेरिकन सैनिकांसमोर गाणीं म्हटलीं. याची किंमत तिला नंतर मोजावी लागली. १९६० सालीं ती गाण्याच्या दौऱ्यावर मायदेशीं आली, तेव्हां टाळ्यांबरोबर "परत जा" असे फलकहि तिला दिसले. १९९२ सालीं मात्र तिचा देह बर्लिनमध्येंच, आईच्या कबरीजवळ पुरला गेला; आणि २००२ सालीं त्या शहरानें तिला मरणोत्तर मानद नागरिकत्व दिलें.

श्रोतेहो, या पांचहि जणींच्या अंगीं गुण होते. पण गुण आणि शील या गोष्टी एकाच झाडाचीं फळें नव्हेत. संकटाच्या वेळीं कोणत्या बाजूस उभें राहावें, हें लेनीला तिच्या कौशल्यानें सांगितलें नाहीं आणि मार्लेनेलाहि तिच्या रूपानें सांगितलें नाहीं. मात्र निवाडा करतांना, कोणाच्या हातीं किती होतें, हें आपण आधीं पाहिलें पाहिजे. मार्लेने सुरक्षित होती. तिच्या नकारानें देश दुरावला, प्राण गेला नाहीं. लेनीला होकार देण्याची सक्ति नव्हती. डोराला तर होकार-नकार कोणी विचारलाच नाहीं. म्हणून या पिढीची गोष्ट सांगतांना प्रसिद्ध दोघींचींच नांवें घेऊन थांबूं नये. डोरा गेर्सोनच्या आवाजाच्या थोड्या ध्वनिमुद्रिका शिल्लक राहिल्या आहेत. तें नांवहि आपण त्यांच्याबरोबर उच्चारलें पाहिजे.