भुकेल्या पिलांची शाळा

आमच्या खिडकीबाहेर एसीच्या डोक्यावर चार काड्या रचून संसार थाटणारी पारव्यांची जोडी कितीही हाकला, दुसऱ्या दिवशी हजर. वैताग येतो. नोव्हेंबर २०२०मध्ये बेल्जियममधल्या एका लिलावात ‘न्यू किम’ नावाची शर्यतीच्या कबुतराची मादी १६ लाख युरोंना विकली गेली, तीही याच प्रजातीची, कोलंबा लिव्हिया. मोल होते ते याच चिवटपणाचे. कुठेही नेऊन सोडा, पाखरू घरी येते.

पण ते यायला शिकते कधी? टोपलीत घालून लांब नेतात तेव्हा, असे आपल्याला वाटते. खरे तर त्याच्या किती तरी आधी, ढाबळीच्या छपरावर बसल्या बसल्या.

अंडे १७-१८ दिवसांत फुटते. साधारण आठवडाभरात पिलाच्या पायात एक अखंड कडे सरकवतात. थोड्याच दिवसांत पाऊल इतके वाढते की कडे पुन्हा निघत नाही. तोच त्याचा जन्मदाखला. चार आठवड्यांच्या सुमारास पिल्लू आईबापांपासून वेगळे केले की मालक दाणे टाकण्याआधी प्रत्येक वेळी डबा खुळखुळवतो किंवा शीळ घालतो. डबा वाजला म्हणजे मका-वाटाणा आला, एवढे गणित पिलाच्या डोक्यात पक्के बसते. मग तारेचा पिंजरा दारापुढच्या फळीवर ठेवून पिलांना त्यात नुसते बसवायचे. उडायचे नाही, बघायचे. पुढे पिंजरा काढतात तेही संध्याकाळी, खायच्या वेळेआधी. भुकेले पिल्लू डब्याच्या आवाजासरशी आत येते. पोट भरलेले शेजाऱ्याच्या कौलावर जाऊन बसते आणि रात्री मांजराच्या तावडीत सापडते.

या बघत बसण्याच्या दिवसांत काय घडते, याचा सर्वांत चकित करणारा माग इटलीतल्या पिसा येथे लागला. फ्लोरियानो पापी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२मध्ये दाखवून दिले की वासाची नस तोडलेली कबुतरे अनोळखी जागेहून घरी येईनाशी होतात. पुढे त्यांनी काही पिले अशा पिंजऱ्यांत वाढवली, ज्यांच्या बाजूंना लावलेल्या पडद्यांमुळे आत शिरणारा वारा एका दिशेला वळायचा. मोठी झाल्यावर दूर नेऊन सोडली, तर ही पाखरेही तशीच एका बाजूला झुकून उडाली. म्हणजे पिल्लू पिंजऱ्यात बसून कोणत्या वाऱ्याबरोबर कोणता वास येतो याची नोंद करत असते. वासाबद्दल शास्त्रज्ञांत अजून खडाजंगी चालते. मला मात्र हे पडदे लावलेले पिंजरे बिनतोड वाटतात.

सूर्यसुद्धा शिकावा लागतो. फ्रँकफुर्टच्या विल्चको दांपत्याने काही पिलांना फक्त दुपारनंतरचा सूर्य दाखवला. सकाळी सोडल्यावर त्यांनी सूर्याकडे चक्क दुर्लक्ष केले आणि पृथ्वीच्या चुंबकत्वावर दिशा धरली.

छपरावरून उडू लागलेली पिले काही आठवड्यांत घोळक्याने दिसेनाशी होतात आणि तासाभराने परततात. मालकाचा जीव टांगणीला लागतो, पण आता टोपलीची वेळ झाली याची हीच खूण. पहिली फेरी पाचेक किलोमीटरची, मग दहा, वीस, चाळीस. टोपली उघडण्याआधी जाणते लोक ती पंधरा-वीस मिनिटे उघड्यावर तशीच ठेवतात, पाखरांना जागेचा अंदाज येऊ देतात. आणि ढगाळ दिवशी पहिली फेरी करत नाहीत.

यामागचे कारण १९७१मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या विल्यम कीटन यांच्या प्रयोगात सापडते. त्यांनी काही कबुतरांच्या पाठीवर छोटे चुंबक चिकटवले, बाकीच्यांना तेवढ्याच आकाराच्या पितळी पट्ट्या. उन्हात अनुभवी पाखरांना चुंबकाने फरक पडला नाही. ढगाळ हवेत मात्र ती भरकटली. आणि पहिल्यांदाच सोडलेली पिले तर चुंबक लावल्यावर लख्ख उन्हातही गोंधळली. जाणत्याला दोन होकायंत्रांपैकी एक पुरते, नवख्याला दोन्ही लागतात.

त्याहून मजेदार गोष्ट टोपलीतल्या प्रवासाची. विल्चको दांपत्याने १९७८च्या सुमारास कबुतरांना नेताना टोपलीभोवतीचे चुंबकीय क्षेत्र बिघडवले. मोठी पाखरे बिनघोर निघाली. अगदी कोवळ्या, न शिकलेल्या पिलांना मात्र घराची दिशा सापडेना. ती टोपलीत गप्प बसून आपल्याला कुठल्या दिशेने नेले हे ध्यानात ठेवत होती, आणि परत फिरायचे ते त्याच्या उलट. अनुभव आला, वयाची साधारण तीन महिन्यांची वेस ओलांडली, की ती सवय सुटते. पाखरू मग कसे आलो हे न आठवता, कुठे आहोत हे हुंगून-बघून ठरवते. शेवटच्या टप्प्यात ओळखीच्या खुणा कामी येतात. रोमजवळ जीपीएस बांधून सोडलेली कबुतरे हमरस्त्यावरून उडत, वळणाशी वळत घरी आल्याचे २००४मध्ये दिसले. आपल्या एसटीच्या ड्रायव्हरसारखीच.

या शिकवणीत सगळीच पास होत नाहीत. काहींवर बहिरी ससाणा झडप घालतो, काही दुसऱ्याच थव्याच्या मागे लागून भलत्या गावी उतरतात. एकेकटे सोडले तर पाखरू स्वतः दिशा शोधायला शिकते, पण ससाण्याला सोपे सावज मिळते. घोळक्याने सोडले तर जीव वाचतो, पण अर्धी पाखरे पुढच्याच्या शेपटीवर भिस्त ठेवतात. पाळणाऱ्यांमध्ये यावरून कायम भांडणे.

शर्यतीच्या दिवशी तर आणखी एक फाटा. ढाबळीवर पोहोचण्याची वेळ मोजतच नाहीत, आत शिरण्याची मोजतात. पूर्वी पायातली रबरी कडी काढून ती घड्याळात टाकायची, आता दारातल्या पट्टीवरून कड्यातली चिप सरकली की नोंद होते. अंतर भागिले वेळ, मीटर प्रतिमिनिट. म्हणून शेकडो किलोमीटर उडून आलेले पाखरू कधी समोरच्या कौलावर पिसे साफ करत निवांत बसते, आणि मालक खाली अंगणात, मान वर न करता, हळूहळू डबा खुळखुळवत उभा असतो.