पीएसएचा आकडा आणि नागफणीचा कडा

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांचा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांपर्यंत पोहोचल्याचं मे 2025मध्ये जाहीर झालं. त्यांची पीएसए ही रक्ततपासणी शेवटची 2014मध्ये झाली होती. मग पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने दरवर्षी ती करून घ्यावी का?

कुरवंडे गावातून नागफणीच्या कड्याकडे तिघे निघालेत, असं समजा. एक इतका रमतगमत चाललाय, की कडा येण्याआधीच त्याचा दिवस मावळेल. दुसरा धावत सुटलाय. कितीही हाका मारा, थांबायचा नाही. तिसऱ्याला वेळेवर हाक ऐकू गेली, तर तो वाचेल. पीएसए ही ती हाक. पंचाईत ही, की रमतगमत चालणारे पुष्कळ असतात आणि हाक ऐकून तेही ऑपरेशन टेबलावर जातात. काहींच्या मागे लघवी गळणं लागतं, काहींचं लैंगिक सुख संपतं.

युरोपात 1,60,000हून अधिक पुरुषांवर झालेल्या चाचणीचा 23 वर्षांचा हिशेब 2025मध्ये आला: तपासणीला बोलावलेल्या 456 जणांमागे एक मृत्यू टळला. नगण्य नाही, पण तपासणीचं पॅकेज विकणाऱ्यांच्या थाटाइतका मोठाही नाही.

गंमत म्हणजे, 1970मध्ये प्रोस्टेटमधलं प्रतिजन शोधणारे रिचर्ड ॲब्लिनच या सरसकट तपासणीचे कडवे टीकाकार. 2010मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात लिहून तिला सार्वजनिक आरोग्यावरचं महागडं संकट ठरवलं. त्यांचा मुद्दा साधा होता: पीएसए हे प्रतिजन प्रोस्टेट ग्रंथीचं आहे, कर्करोगाचं नव्हे. ग्रंथी वयानुसार वाढली, तिथे जंतुसंसर्ग झाला, तरी आकडा चढतो. उलट, 4 किंवा त्याखालच्या ‘नॉर्मल’ आकड्याच्या सुमारे 15 टक्के पुरुषांत बायॉप्सीत कर्करोग सापडल्याचं 2004च्या अमेरिकी अभ्यासात दिसलं.

मुंबईत कर्करोगाची नोंदवही 1963पासून आहे; मुंबई-पुण्याच्या नोंदींत प्रोस्टेट पुरुषांच्या आघाडीच्या कर्करोगांत आहे. तरी 2016च्या राष्ट्रीय तपासणी धोरणात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढेच आहेत. प्रोस्टेटचा निर्णय माणसाने डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा. वडील किंवा भाऊ यांना हा आजार झाला असेल, तर धोका साधारण दुप्पट. अशांनी हे बोलणं लवकर करावं. सत्तरीपुढे सरसकट तपासणीचा फायदा आटतो.

निदान झालं म्हणजे लगेच चाकू, असंही नाही. ब्रिटनमधल्या चाचणीत ग्रंथीपुरताच आजार असलेल्यांपैकी 15 वर्षांत सुमारे 3 टक्के त्याने गेले; शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि नुसती नियमित देखरेख, तिन्हींत फारसा फरक नव्हता.

आणि वाढलेल्या प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइडची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावं. तिने पीएसएचा आकडा जवळपास निम्मा होतो. रिपोर्टमधला 3 म्हणजे प्रत्यक्षात 6 असू शकतो.