आठ बिटांच्या यंत्रातील अमेरिकन फुटबॉल

डिसेंबर १९९१ मध्ये टोकियोच्या टेक्मो या कंपनीने निन्टेन्डोच्या आठ बिटांच्या घरगुती यंत्रासाठी 'टेक्मो सुपर बाउल' हा व्हिडिओ गेम अमेरिकेत विक्रीला आणला, तेव्हा त्या यंत्राचा मूळ जपानी अवतार आठ वर्षे जुना झाला होता आणि सोळा बिटांची नवी यंत्रे बाजारात येऊन स्थिरावत होती. तरीही हा गेम तीन दशकांनंतर खेळला जातो, त्याच्या स्पर्धा भरतात आणि त्यातील खेळाडूंच्या याद्या हौशी मंडळी दरवर्षी नव्याने लिहितात. या दीर्घायुष्याचे श्रेय केवळ बालपणीच्या आठवणींना देणे अपुरे आहे. जपानी रचनाकारांनी एका परक्या आणि नियमांनी गजबजलेल्या खेळातून त्याचा गाभा नेमका वेचून काढला, आणि यंत्राच्या तोकडेपणामुळे त्यांना तो तसा वेचावाच लागला, हे त्याचे खरे कारण आहे.

हा गाभा समजण्यासाठी मूळ खेळाची ओळख हवी. अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू शंभर यार्ड लांबीच्या मैदानावर समोरासमोर उभे राहतात आणि चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात, ज्यांना 'डाउन' म्हणतात. चार संधींत दहा यार्ड झाले तर नव्या चार संधी मिळतात, नाहीतर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चेंडू प्रतिपक्षाच्या टोकाच्या पट्ट्यात नेला तर 'टचडाउन' होऊन सहा गुण मिळतात, आणि लाथेने चेंडू खांबांमधून पार केल्यास तीन. कबड्डीतील चढाईप्रमाणे येथेही खेळ सलग वाहत नाही. प्रत्येक डाव सुरू होतो, काही सेकंदांत निकाली लागतो आणि पुन्हा सर्वजण आपापल्या रेषेवर परततात. मात्र कबड्डीपटू आपली युक्ती चढाई करताना ठरवतो, तर येथे प्रत्येक डावाची आखणी आधीच, आणि शत्रूला कळू न देता, झालेली असते. चेंडू हातात घेऊन धावायचे की 'क्वार्टरबॅक' या सूत्रधार खेळाडूने तो लांब फेकायचा, हा त्या आखणीतील पहिला प्रश्न असतो.

टेक्मोने नेमका हाच प्रश्न गेमच्या मध्यभागी ठेवला. १९८९ मध्ये अमेरिकेत आलेल्या घरगुती 'टेक्मो बाउल'मध्ये आक्रमक संघाला फक्त चार डाव उपलब्ध होते, आणि बचाव करणाऱ्याने त्या चारांपैकी कोणता डाव येणार हे ओळखायचे होते. १९९१ च्या आवृत्तीत ही संख्या आठ झाली, चार धावण्याचे आणि चार फेकीचे. बचावाचा अंदाज बरोबर ठरला तर आक्रमकांची फळी क्षणार्धात कोलमडते आणि चेंडूवाला जागच्या जागी पकडला जातो. एकाच टीव्हीसमोर शेजारी बसलेल्या दोघांना गुप्त निवड करता यावी कशी, ही यातील अवघड अडचण होती आणि तिच्यावरचा उपाय अतिशय देखणा आहे. पडद्यावर निवड दाखवणारा कोणताही बाण फिरत नाही. दिशेची कळ आणि बटण यांच्या जोडीने निवड होते, त्यामुळे समोरच्याच्या अंगठ्याकडे टक लावून पाहिल्याशिवाय काहीही कळत नाही.

गणिताच्या भाषेत हा दोन व्यक्तींचा, एकाचा लाभ तोच दुसऱ्याचा तोटा असलेला खेळ ठरतो, आणि अशा खेळांचा पायाभूत सिद्धांत जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये मांडला होता. त्याचे सार असे की एखादा डाव कितीही प्रभावी असला तरी तो सतत खेळणारा हरतो, कारण प्रतिपक्ष त्यालाच अडवू लागतो. म्हणून उत्तम खेळाडू आपल्या डावांचे प्रमाण ठरवतो, पण क्रम यादृच्छिक ठेवतो. आठांपैकी एक डाव निव्वळ अंदाजाने ओळखण्याची शक्यता साडेबारा टक्के असते, परंतु माणसे यादृच्छिक वागण्यात कच्ची असतात, त्यांना सवयी असतात, आणि समोरच्याच्या सवयी वाचण्याची ही कला कोणत्याही चित्रसौंदर्यावर अवलंबून नसल्यामुळे ती जुनी होत नाही.

यंत्राची मर्यादा किती कडक होती हे आकड्यांतूनच कळते. मध्यवर्ती प्रक्रियक सेकंदाला सुमारे १७.९ लाख ठोक्यांच्या गतीने चाले आणि कामाची स्मृती केवळ २ किलोबाइट होती. हलणाऱ्या आकृती 'स्प्राइट' नावाच्या छोट्या चित्रतुकड्यांनी, म्हणजे पार्श्वभूमीवरून स्वतंत्रपणे सरकणाऱ्या आठ बिंदू रुंदीच्या ठिगळांनी, जोडून बनवल्या जात. असे तुकडे पडद्यावर एका वेळी जास्तीत जास्त ६४ आणि एका आडव्या ओळीवर जास्तीत जास्त आठ दाखवता येत. सोळा बिंदू रुंद खेळाडूला एका ओळीवर दोन तुकडे लागतात, म्हणजे चारहून अधिक खेळाडू एका ओळीत आले की मर्यादा ओलांडली जाते, आणि मग चित्रे आलटून पालटून दाखवावी लागत असल्याने ती लुकलुकतात. जो खेळ माणसांची दाट गर्दी एकमेकांवर आदळण्यावर उभा आहे, तो अशा यंत्रावर बसवणे हे धाडसच होते. पहिल्या 'टेक्मो बाउल'मध्ये संघ नऊ जणांचेच होते. दुसऱ्या गेममध्ये अकरांचे संघ आले. मैदान आडवे ठेवून चेंडूच्या आसपासचा भागच दाखवणे, आणि महत्त्वाच्या क्षणी खेळ थांबवून पडदाभर मोठे चित्र आणणे, हे मार्ग रचनाकारांनी निवडले. त्याच कंपनीच्या 'निन्जा गायडेन' या गेममध्ये चित्रपटासारखी दृश्ये होतीच, आणि त्याच्या संगीतकारांपैकी केजी यामागिशी यांनी 'टेक्मो बाउल'लाही संगीत दिले.

खेळाडूंचे कौशल्यही असेच काटकसरीने साठवले आहे. प्रत्येक गुणाला, उदाहरणार्थ कमाल वेगाला किंवा धडकेच्या ताकदीला, सोळाच पायऱ्या आहेत, कारण चार बिटांत, म्हणजे अर्ध्या बाइटमध्ये, सोळाच मूल्ये मावतात. पडद्यावर त्या ६ पासून १०० पर्यंतच्या आकड्यांनी दिसतात. इतक्या थोडक्या आकड्यांतून जिवंत व्यक्तिमत्त्वे उभी राहतात, हे या गेमचे सर्वांत मोठे यश मानावे लागेल. नायजेरियात जन्मलेल्या ख्रिश्चन ओकोये यांच्या अंगावर आलेले बचावपटू गेममध्ये उडून पडतात, आणि लॉस एंजेलिस रेडर्सचे बो जॅक्सन एकदा मोकळे सुटले की हाती लागत नाहीत. जॅक्सन फुटबॉल आणि बेसबॉल हे दोन्ही खेळ व्यावसायिक पातळीवर खेळत. १३ जानेवारी १९९१ रोजी सिनसिनाटीविरुद्धच्या सामन्यात त्यांच्या नितंबाच्या सांध्याला झालेल्या दुखापतीने त्यांची फुटबॉलची कारकीर्द ३८ सामन्यांतच संपली. गेम दुकानात आला तेव्हा ते फुटबॉलच्या मैदानातून कायमचे बाहेर पडले होते, आणि पुढच्या पिढ्यांतील कित्येकांनी त्यांची धाव प्रथम या गेममध्येच पाहिली.

खऱ्या नावांचा प्रश्न कायद्याच्या वाटेनेही सोडवावा लागला. पहिल्या गेमसाठी टेक्मोकडे खेळाडूंच्या संघटनेचा परवाना होता, पण नॅशनल फुटबॉल लीगचा, म्हणजे संघांची मालकी सांगणाऱ्या संस्थेचा, नव्हता. म्हणून त्यात खेळाडू खरे आणि संघ मात्र नुसत्या शहरांच्या नावाचे होते. १९९१ मध्ये दोन्ही परवाने मिळाले, अठ्ठावीसही संघ आले, सोळा सामन्यांचा पूर्ण हंगाम आला. परंतु संघटनेच्या करारात नसलेल्या काही खेळाडूंची नावे वापरता आली नाहीत, आणि रँडल कनिंगहॅम यांच्यासारखा तारा 'क्यूबी ईगल्स', म्हणजे ईगल्स संघाचा क्वार्टरबॅक, अशा हुद्द्याने वावरला.

भारतात या गेमची वाट जवळजवळ बंद होती, आणि तिचे कारण केवळ अमेरिकन फुटबॉलविषयीचे अज्ञान हे नव्हते. येथे निन्टेन्डोचे यंत्र 'सामुराई' या नावाने आले, पण घरोघरी पोहोचल्या त्या त्याच्या स्वस्त नकला आणि त्यांच्या 'अनेक खेळ एकात' असलेल्या कॅसेट. कामकरी वस्त्यांच्या आवाक्यातला 'टीव्ही गेम' या नकलांचाच होता, आणि त्यांच्या कॅसेटमध्ये मुख्यतः 'सुपर मारिओ ब्रदर्स'सारखे सुमारे ४० किलोबाइटांचे छोटे गेम भरलेले असत. सुमारे ३८४ किलोबाइटांचा, शिवाय हंगामाची नोंद ठेवण्यासाठी कॅसेटमध्ये बॅटरी लागणारा 'टेक्मो सुपर बाउल' त्या स्वस्त साच्यात बसणारा नव्हता. सेगाचे सोळा बिटांचे मेगा ड्राइव्ह हे यंत्र १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीमार्फत भारतात आले आणि त्यावर अमेरिकन फुटबॉलचे गेम उपलब्धही होते, पण त्याची किंमत १८,००० रुपये होती, जी त्या काळच्या मध्यमवर्गीय घरालाही जड होती.

प्रत्यक्ष खेळ मराठी नावाने मैदानात उतरला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. २०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया या स्पर्धेचा पहिला हंगाम झाला, त्यात मुंबई ग्लॅडिएटर्स आणि पुणे मराठाज हे संघ होते, सामने श्रीलंकेत कोलंबो येथे झाले आणि विजेतेपद पुण्याच्या संघाने मिळवले. त्या उपक्रमाने येथे मूळ धरले नाही, याची खंत वाटते. एखादा परका खेळ समाजात रुजायचा तर त्याचे नियम आधी मुलांच्या हातांत खेळत यावे लागतात, आणि अमेरिकेत या गेमने नेमके तेच काम केले होते.

डिसेंबर २००४ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीने नॅशनल फुटबॉल लीगशी एकाधिकाराचा करार केला आणि खऱ्या संघांसह असे गेम काढण्याची वाट इतरांना बंद झाली. जुन्या कॅसेटपुढे वेगळेच संकट आहे. हंगामाच्या नोंदी ज्या स्मृतीत राहतात तिला सतत वीज लागते, ती एक छोटी लिथियम बॅटरी पुरवते, आणि ती संपली की साठवलेले सर्व सामने पुसले जातात. बॅटरी डाक देऊन बसवलेली असल्याने ती बदलायला कॅसेट उघडून सोल्डरिंग करावे लागते. गेमच्या आतील माहितीचा नकाशा मात्र हौशी अभ्यासकांनी बाइटगणिक उलगडला आहे. कोणत्या जागी कोणाचे नाव आणि कोणत्या अर्ध्या बाइटमध्ये कोणाचा वेग आहे हे माहीत असल्यामुळे ते दरवर्षी चालू खेळाडूंची नवी आवृत्ती तयार करतात, लीगचे संघ बत्तीस झाल्यावर त्यांनी अठ्ठावीस संघांची चौकट तेवढी वाढवली, आणि विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन शहरात २००५ पासून भरू लागलेल्या स्पर्धेत आजही दोन माणसे शेजारी बसून, एकमेकांच्या अंगठ्याकडे न पाहता, आठांपैकी एक डाव निवडतात.