आठवड्याला एक पॅकेट

दहातली नऊ पॅकेटं पोचवणारा रेडिओ कुणालाही बरा वाटेल. तोच कुवेतच्या बुरगानमध्ये लावून बघू. 1938 साली सापडलेलं हे तेलक्षेत्र जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. देश मात्र अवघा 17,818 चौरस किलोमीटरचा, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून जरासा मोठा. इथे आणि उत्तरेकडच्या सबरियात कुवेत ऑईल कंपनीने डिजिटल तेलक्षेत्राचे प्रकल्प राबवले आहेत. विहिरीचा दाब बघायला विहिरीपाशी जायला नको. पुढचा हिशोब मात्र माझा, कागदावरचा.

समजा 1,000 सेन्सर, प्रत्येकाचं मिनिटाला एक पॅकेट. दिवसाला झाली 14,40,000. बॅटरीवरच्या रेडिओचा पल्ला तोकडा, म्हणून पॅकेट एका सेन्सरकडून दुसऱ्याकडे असं दहा टप्प्यांत कार्यालयापर्यंत जातं. दर टप्प्याला 90 टक्के यश धरलं तर शेवटपर्यंत टिकतात जेमतेम 35 टक्के. रोज नऊ लाखांहून जास्त पॅकेटं गडप!

मग पुन्हा पाठवायचं. पण कुणी? कार्यालयाची पोच आली नाही की मूळ सेन्सरने पहिल्यापासून सुरुवात करायची, असे आठ प्रयत्न दिले, तरी रोज 46,000 पॅकेटं हरवतातच. तेच आठ प्रयत्न प्रत्येक टप्प्याला दिले, म्हणजे शेजाऱ्याची पोच येईपर्यंत पॅकेट सोडायचंच नाही, तर हरवतं साधारण आठवड्याला एक. रेडिओ तोच, हवा तीच. खर्च वाढला असेल म्हणावं, तर तोही नाही: टप्प्याटप्प्याच्या पोचेने एक पॅकेट शेवटपर्यंत न्यायला सरासरी 11 प्रक्षेपणं पुरतात, दर वेळी मुळापासून सुरुवात केली तर सुमारे 19 लागतात. (पोचही हरवते, मग एकच पॅकेट दोनदा येतं आणि क्रमांक बघून दुसरं टाकून द्यावं लागतं.)

हे गणित जरा जास्तच गोड आहे. प्रत्येक अपयश सुटं असतं, असं त्यात धरलंय. रेडिओच्या वाटेत टँकर उभा राहिला तर आठही प्रयत्न एकदमच फुकट जातात. म्हणून 2007 साली आलेल्या वायरलेसहार्ट या औद्योगिक पद्धतीत 15 वाहिन्या आलटूनपालटून वापरतात आणि दुसरा शेजारीही हाताशी ठेवतात.

वायरलेसहार्टमध्ये वेळेचे तुकडे 10 मिलिसेकंदांचे. तेवढ्यात प्रकाश 3,000 किलोमीटर जातो, म्हणजे कुवेतहून मुंबई गाठून थोडा पुढेच. एवढ्याशा तुकड्यात पॅकेट जायचं, पोच यायची. बाकी वेळ रेडिओ झोपलेला, नाहीतर बॅटरी वर्षानुवर्षं टिकणार कशी? त्यामुळे दोघांना एकाच क्षणी जाग यायला हवी, आणि इथे खरा शत्रू भेटतो: ऊन. 21 जुलै 2016 ला कुवेतच्या मित्रिबाहमध्ये 53.9 अंश सेल्सिअस नोंदले गेले. उन्हात तापलेल्या पेटीत 75 अंश धरू. घड्याळातला नेहमीचा क्वार्ट्झ स्फटिक 25 अंशांना अचूक. 75 ला तो सेकंदामागे सुमारे 85 मायक्रोसेकंद मागे पडतो, दिवसाकाठी सात सेकंद. शेजारचा सेन्सर थंड सावलीत असेल आणि चुकीला एकच मिलिसेकंद मुभा असेल, तर 12 सेकंदांत दोघांची चुकामूक.

यावरचा उपाय पोचेतच दडवलाय. तिच्यात नुसतं 'मिळालं' नसतं. पॅकेट किती मायक्रोसेकंद लवकर किंवा उशिरा आलं तेही असतं, आणि त्यावरून घड्याळ जुळवून घेतलं जातं.