जुने चित्रपट आणि तबकडीचे आयुष्य

कफ परेडच्या मच्छीमार नगरात समुद्र अगदी दाराशी. तेथील दमट, खारी हवा लोखंडाला गंज चढवते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण जुन्या मराठी चित्रपटाची व्हीसीडी घरच्या संग्रहात आणून ठेवली, तर तिलाही ही हवा बाधते का?

तबकडीची रचना पाहू. तिची जाडी १.२ मिलिमीटर, त्यातला बहुतेक भाग पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा. त्याच्या वरच्या पृष्ठावर सूक्ष्म खळगे असतात व त्यांवर ॲल्युमिनियमचा पातळ थर. खालून आलेला लेसर किरण या थरावरून परावर्तित होतो. खळग्यांमुळे परावर्तित प्रकाश कमीजास्त होतो आणि त्यावरून चित्र व ध्वनी पुन्हा तयार होतात.

ॲल्युमिनियमवर मात्र केवळ पातळ लेपाचे संरक्षण असते. म्हणजे अधिक नाजूक बाजू चकाकणारी नव्हे, तर छापील! तेथे ओरखडा पडला की दमट हवा आत शिरते आणि ॲल्युमिनियमचे ऑक्सिडीकरण होते. डीव्हीडीत हा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये असल्याने अधिक सुरक्षित राहतो.

म्हणून जुनी तबकडी घेताना दिव्यासमोर धरून पाहा. बारीक छिद्रांतून प्रकाश दिसला, तर तेथे थर नाही. पुसताना मधून कडेकडे पुसा. गोल पुसल्यास ओरखडा माहितीच्या सर्पिल मार्गालगत जातो व सलग माहिती बिघडते. शिवाय संगणकावर एक प्रत ठेवा. १९१३ साली गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागलेला ‘राजा हरिश्चंद्र’ आज पूर्ण स्वरूपात उरलेला नाही.