पत्र्याचं काम, तापमानाचा हिशेब (भाग ६)

खानदेशात गाडीला हीटर कशाला हवा? मे महिन्यात हा प्रश्न कुणीही हसत विचारील. जळगाव-भुसावळकडे तेव्हा पारा ४५ अंशांच्या पुढे सरकलेला असतो. मात्र हाच खानदेश डिसेंबर-जानेवारीत कुडकुडतो. धुळ्याचं किमान तापमान थंडीच्या लाटेत ५-६ अंशांपर्यंत उतरतं आणि राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांच्या यादीत धुळ्याचं नाव येतं. मेच्या दुपारी आणि जानेवारीच्या पहाटे एकाच जुन्या गाडीला चालायचं असेल, तर हीटरचा डबा आणि इंजिनभोवतीचा पत्रा या दोन्हींकडे नीट पाहावं लागतं.

मागच्या भागात बॉनेट आणि मडगार्ड झाले. ते सगळ्यांना दिसतात, म्हणून त्यांचे लाड होतात. आजचे भाग बॉनेट उघडल्यावरच दिसतात: टॅपेट कव्हर, ऑइल चेंबर, एअर क्लीनरचा डबा, पंख्याभोवतीचा पत्रा, हीटरची पेटी आणि तिच्या झडपा. यांतला बराचसा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा किंवा त्याहून पातळ असतो. डेंटर-पेंटर बहुधा त्यांच्यावर एक काळा हात मारून मोकळा होतो. वर्षभरात तो रंग पापुद्र्यासारखा सुटतो आणि दोष रंगाच्या कंपनीला लागतो.

दोष बहुतेक वेळा निवडीचा असतो. इंजिनच्या खोलीत सगळीकडे सारखी उष्णता नसते. टॅपेट कव्हर आणि चेंबर तेलाच्या तापमानाजवळ, म्हणजे साधारण १०० ते १२० अंशांत राहतात. बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मात्र चढावर ४०० अंशांच्या पुढे सहज जातो. त्याला खेटून असलेला पत्रा आणि हातभर लांबचा पत्रा यांना एकच रंग लावणं ही पहिली चूक. मॅनिफोल्डजवळच्या पत्र्याला सिलिकॉनवर आधारलेला, ६०० अंशांपर्यंत टिकणारा रंग हवा. बाजारात ‘सायलेन्सर पेंट’ मागितला की तो मिळतो. हा रंग नुसत्या हवेत पुरता पक्का होत नाही, त्याला टप्प्याटप्प्यानं ताप द्यावा लागतो. इंजिन सुरू करून थोडं तापवायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा तापवायचं. पहिल्याच दिवशी कन्नडच्या घाटात गाडी घातली तर फोड येणारच.

घाटाचा विषय निघालाच आहे, तर हीटरबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनात हीटर म्हणजे डॅशबोर्डखालचा छोटा रेडिएटर. इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि पंखा ती ऊब आत फेकतो. म्हणूनच चाळीसगावहून कन्नडकडे चढताना काटा लाल रेषेकडे सरकू लागला, तर जुने चालक खिडक्या उघडून हीटर पूर्ण सुरू करतात. आतले प्रवासी घामाघूम होतात, पण इंजिनची बरीच उष्णता बाहेर निघते. ‘इथं काय उपयोग’ म्हणून ज्यांनी हीटरचे पाइप बंद करून पेटी भंगारात दिली, त्यांनी हा आडवेळचा आधार गमावला.

फोक्सवॅगनच्या बीटलमध्ये तर पत्रा हेच थंड करण्याचं यंत्र. तिच्या मागे बसवलेल्या इंजिनात पाणीच नाही. डायनामोच्या दांड्यावरचा पंखा हवा ढकलतो, पत्र्याचं वेष्टण ती सिलिंडरवरून नेतं आणि एक्झॉस्टभोवतीच्या पेट्यांत तापलेली हवा हीटरसाठी वापरली जाते. खालची गरम हवा वर येऊ नये म्हणून भोवतीचे पत्रे आणि रबर यांची सलग भिंत लागते. त्यातला एक तुकडा काढला की इंजिन स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. १९३८ पासून २००३ पर्यंत अशा दोन कोटींहून अधिक गाड्या बनल्या. फियाट किंवा जीपचं गणित वेगळं असलं, तरी रेडिएटरमागच्या पंख्याभोवती जिथे पत्रा दिलेला आहे, तिथे त्याचं काम तेच: हवा जाळीतूनच ओढली जावी. ‘हवा खेळू दे’ म्हणत तो काढून टाकणाऱ्या मिस्त्रीला नम्रपणे थांबवावं.

आता गंज. कोकणाच्या मानानं खानदेशची हवा कोरडी, त्यामुळे गंज सावकाश येतो. मात्र मुंबईत आयुष्य घालवून आलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या सांध्यांत खाऱ्या हवेची देणगी दडलेली असते. बॅटरीखालचा ट्रे आणि रेडिएटरची गळती होते ती जागा आधी तपासावी. गंज काढायला घरगुती, स्वस्त रीत म्हणजे विजेची. प्लास्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचं पाणी घ्यायचं, गंजका भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि भंगार लोखंड धन टोकाला जोडायचं. दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. काम उघड्यावर करावं, कारण हायड्रोजन सुटतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीच नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं.

सँड ब्लास्टिंगनं काम झटपट होतं, पण जाड वाळू आणि जास्त दाब यांनी पातळ पत्रा वाकतो. टॅपेट कव्हरच्या आत तेल अडवणारी पट्टी असेल तर तिच्यामागे वाळूचे कण अडकतात आणि इंजिन सुरू होताच तेलातून थेट बेअरिंगपर्यंत पोचतात. असं कव्हर रसायनानं साफ करावं, हा या भागातला सर्वांत कळकळीचा सल्ला. जुन्या हीटरच्या पेटीत दोरीसारखं किंवा पांढरट पुठ्ठ्यासारखं अस्तर असेल तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं खरवडू नये.

औद्योगिक वसाहतींत गेट-ग्रिलला पावडर कोटिंग होतं. ‘सेव्हन टँक’, म्हणजे तेल काढणं, गंज काढणं, फॉस्फेट आणि मधल्या धुण्या, ही प्रक्रिया असलेलं दुकान निवडावं. एअर क्लीनर, टॅपेट कव्हर, हीटरची पेटी यांना हे कोटिंग उत्तम. पण भट्टी १८० ते २०० अंशांची असते आणि साधा डाग (सोल्डर) १८३ अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो. डाग दिलेला हीटरचा छोटा रेडिएटर पेटीतच राहिला तर तो गळका होऊनच परत येईल. रबर, वॉशर, झडपांच्या स्प्रिंगाही आधी काढाव्यात.

रंगाची छटाही महत्त्वाची. केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी या नावानं निघालेल्या १९७४ च्या गाड्या आता त्या वयाच्या झाल्या आहेत. प्रदर्शनात नेण्याचा विचार असेल तर चेंबरवर लाल, टॅपेट कव्हरवर क्रोम हे मोह टाळावेत आणि खरवडण्याआधी क्लिपांखाली उरलेल्या मूळ रंगाचा फोटो घ्यावा.

दुकानात भाग देताना तीन जागा चिकटपट्टीनं झाकून द्या: बोल्टचे आटे, पॅकिंग बसते ती कड आणि अर्थिंगचा बिंदू. पुढच्या आठवड्यात रेडिएटर आणि बोअरच्या पाण्याचा क्षार.